डाव्या हाताची अनामिका

छत्रीबाग, इंदूर
९ जानेवारी २०२६

प्रिय आर्या,

नमस्कार. तुझं पत्र सोमवारी मिळालं. मेसेजला मी उत्तर देत नाही म्हणून तू कागदावर लिहिलंस, हे समजलं. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच आहे, डावीकडे कललेलं.

इकडे सगळं ठीक. आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन डिसेंबरात झालं. नीट दिसायला लागल्यापासून तिला घरातली जळमटं दिसतात आणि ती रोज एक कोपरा मला दाखवते. मी पलासियाला एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते, हे तुला विष्णूने सांगितलंच असेल. मागच्या महिन्यात वर्गातल्या एका मुलीने आपला जुना व्हिडिओ शोधून काढला. "मॅम, ये आप हो?" म्हणाली. मी म्हटलं, "थी." आणि पुढचं गणित घेतलं. तेव्हापासून शेवटच्या बाकावरची मुलं जरा नीट ऐकतात, एवढाच फरक पडला.

आता तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टी.

पहिली, १४ मार्चचा कार्यक्रम. आपल्या पहिल्या अल्बमला अठरा वर्षं होतात, तो नव्याने निघतोय, विष्णू ड्रम्सवर बसायला तयार आहे आणि अभिरामने बेस पुसून ठेवलाय, हे वाचून बरं वाटलं. 'बिनपगारी' पुन्हा इंदूरच्या स्टेजवर उभी राहावी हे खरंच चांगलं आहे. मला मात्र जमणार नाही. मार्चमध्ये क्लासला रिव्हिजन असते, सुट्टी मिळत नाही. आईचा दुसरा डोळाही तेव्हाच करायचा आहे. खामखा तुम्हाला अडकवून ठेवायला नको, म्हणून आत्ताच कळवते.

दुसरी, अल्बमच्या पुस्तिकेसाठी माझ्याबद्दल एक पान. ते खाली लिहिते. हवं तसं काप.

जन्म इंदूर, १९८३. तेराव्या वर्षी पांडुरंगजींकडे गिटार शिकायला सुरुवात. ते गणपतीतल्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्राचे गिटारवादक होते आणि आमच्याच गल्लीत राहायचे. २००३ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेजात आर्या भेटली. वडिलांची बदली पिथमपूरच्या कारखान्यात झाली म्हणून साताऱ्याहून आलेली ही मुलगी माझ्या हिंदीमिश्रित मराठीला हसायची. दोघींनी मिळून बँड काढला. सगळ्यांचे वडील नोकरदार, म्हणून नाव 'बिनपगारी'. हिंदीवाल्यांना त्याचा अर्थ कधीच कळला नाही. इंदूरजवळ हातोदला मंडीपाशी अभिरामच्या काकांचं गोदाम होतं, तिथे गव्हाच्या पोत्यांमध्ये सराव चालायचा. २००८ मध्ये पहिला अल्बम. त्यातल्या 'हातोद रोड' या गाण्यात शेवटी चार मिनिटांचा गिटार सोलो आहे. बहुतेक लोक मला त्या चार मिनिटांमुळे ओळखतात. २०११ मध्ये एका मासिकाने देशातल्या दहा रॉक गिटारवादकांची यादी काढली, त्यात मी तिसरी. 'लेडी गिटारिस्ट' असं कंसात लिहिलं होतं. २०१३ मध्ये जर्मनीत अकरा शहरं. २०१६ मध्ये एका कंपनीने माझ्या नावाचं गिटार काढलं. २०१९ मध्ये बँडमधून बाहेर.

इतकं पुरे. फोटो विष्णूकडे आहेत.

कार्यक्रम चांगला होवो.

कळावे,
शमिका


छत्रीबाग, इंदूर
१ फेब्रुवारी २०२६

प्रिय आर्या,

तुझं उत्तर चार ओळींचं होतं. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. 'शमे, २०१६ नंतर एकदम २०१९ लिहिलंस. मधली तीन वर्षं पुस्तिकेसाठी नकोत, मला हवीत. पुण्याला तू स्टेजवरून का गेलीस? भांडायचं नाहीये, फक्त माहीत असावं असं वाटतं.'

सांगते.

एप्रिल २०१८. मी मुंबईच्या फ्लॅटवर सकाळचा सराव करत होते. वीस वर्षं हात आपोआप वाजवत आला होता असा एक साधा पलटा होता. त्या दिवशी डाव्या हाताची अनामिका तारेवर पडायच्या ऐवजी तळव्याकडे वळली. मी पुन्हा वाजवलं, पुन्हा वळली. थकवा असेल असं वाटलं. आठवडाभर विश्रांती घेतली आणि मग उलट सराव वाढवला. चार तासांचे सहा, सहाचे आठ. जितकं वाजवावं तितकं ते बोट लवकर आत जायचं आणि करंगळीही त्याच्या मागे निघायची.

दुखत काहीच नव्हतं. याच हाताने मी कणीक मळायचे, वेणी घालायचे, स्कूटीचा ब्रेक दाबायचे. गिटारच्या दांडीवर हात गेला की मात्र ते बोट माझं राहायचं नाही.

मग मी चोरी करायला लागले. जिथे तीन बोटं लागायची तिथे दोन वापरायचे. जलद जागांवर आवाजाचा इफेक्ट वाढवायचे, म्हणजे सूर एकमेकांत मिसळतील आणि गळलेला सूर कुणाला कळणार नाही. कार्यक्रम छान व्हायचे. लोक म्हणायचे, शमिका आता कमी वाजवते, पण जास्त बोलकं वाजवते. एका समीक्षकाने त्याला 'परिपक्वता' म्हटलं होतं. ते कात्रण तू मला कौतुकाने पाठवलं होतंस.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या एका न्यूरॉलॉजिस्टकडे गेले, कुणाला न सांगता. त्यांनी गिटार घेऊन यायला सांगितलं होतं. पाच मिनिटं वाजवलेलं पाहिलं आणि म्हणाले, "हाताला काहीही झालेलं नाही. मेंदूत प्रत्येक बोटाची वेगळी जागा असते, तुमच्या दोन बोटांच्या जागा एकमेकांत मिसळल्या आहेत. अति बारीक, अति सरावाचं काम करणाऱ्यांना होतं." त्याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. मी विचारलं, बरं होईल का? ते म्हणाले, "काहींना थोडं सुधारतं. पहिल्यासारखं होईल असं मी म्हणणार नाही." तीन वेळा हातात इंजेक्शन्स घेतली. बोट वळायचं थांबायचं, पण नुसतं लुळं पडायचं, आणि असर ओसरला की पुन्हा वळायचं.

त्या वर्षी गणपतीला घरी आले तेव्हा पांडुरंगजींना भेटायला गेले होते. त्यांनी नेहमीसारखं गिटार हातात दिलं. मी सांभाळून काहीतरी सोपं वाजवलं. त्यांनी पूर्ण होऊ दिलं आणि मग विचारलं, "कधीपासून?"

"दीड वर्ष होत आलं."

"घरी सांगितलंस?"

"नाही."

"बँडला?"

"नाही."

"बता दे, बेटा," म्हणाले. "आपली माणसं आहेत. दुसऱ्याकडून कळलं तर वाईट दिसेल."

मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही. काय सांगणार होते? माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं, आर्या. लग्न केलं नाही, घर घेतलं नाही, डिग्रीचा कागद कुठल्या ट्रंकेत आहे तेही माहीत नव्हतं. छत्तिसाव्या वर्षी मी म्हणजे ती चार मिनिटं होते.

मग २३ नोव्हेंबर, पुणे. तिसरं गाणं 'हातोद रोड'. मी सोलो सुरू केला, अवघड भाग अजून यायचा होता आणि तू धृपद उचललंस. विष्णू तुझ्याबरोबर आला. सोलो दीड मिनिटात संपला. असं गेले काही महिने होत होतं, पण इतक्या लवकर कधी झालं नव्हतं. मी केबल काढली, गिटार स्टँडवर ठेवलं आणि मागच्या दाराने निघून गेले. तुम्ही तिघांनी उरलेली आठ गाणी माझ्याशिवाय केलीत, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

माझा तोल गेला. हाताने आधीच हैराण झाले होते आणि त्यात तू सोलो कापलास. तुला माझा कंटाळा आला असं वाटलं. नंतर त्या पोर्टलच्या मुलाखतीत तुझ्याबद्दल जे बोलले तेही त्याच तिरमिरीत. तेव्हा गैरसमज झाला होता. आता इतक्या वर्षांनी राग वगैरे काही नाही.

मार्चला का जमणार नाही तेही यावरून कळेल. क्लासचं कारण फालतू होतं. सुट्टी मिळते.

विष्णू आणि अभिरामला सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
शमिका


छत्रीबाग, इंदूर
२२ फेब्रुवारी २०२६

आर्या,

बुधवारी तू हॉल बघायला इंदूरला आलीस आणि न कळवता क्लासवर येऊन बसलीस. मी दुसरा तास संपवून आले तर स्टाफरूममध्ये तू, समोर चहाचा कप, आणि केमिस्ट्रीचे सर तुला ट्रॅफिकबद्दल काहीतरी सांगत होते. तुझे केस पांढरे झालेत. माझेही झालेत, मी रंगवते.

आपण अर्धा तास बोललो. त्यातला एक भाग मला इथे पुन्हा लिहायचा आहे, कारण तो दुरुस्त करायचा आहे.

तू म्हणालीस, "शमे, मला तुझ्या हाताचं माहीत होतं. नाव माहीत नव्हतं. पण बोट वळतंय हे मी गुवाहाटीच्या कार्यक्रमापासून बघत होते. तुझा हात अडकायला आला की मी धृपद उचलायचे. लोकांना वाटावं, गाणं असंच बसवलंय."

मी हातातली पुस्तकं टेबलावर ठेवली.

तू विचारलंस, "मी का आधी उचलायचे, हे तुला खरंच कळलं नव्हतं?"

मी म्हटलं, "नाही."

तू कप बाजूला सारलास. मग म्हणालीस, "म्हणजे माझंच चुकलं. तुला बाजूला घेऊन स्पष्ट सांगायला हवं होतं. तू दुखावशील म्हणून बोलले नाही. सहा वर्षं मी तुला मनातल्या मनात दोष देत राहिले आणि तुला बिचारीला काही माहीतच नव्हतं. सॉरी."

तू माझी माफी मागितलीस. मी "जाऊ दे गं" म्हटलं. तिसऱ्या तासाची बेल झाली आणि मी वर्गात गेले. मुलांना ताणलेल्या तारेची कंपनं शिकवायची होती. शिकवली.

मला माहीत होतं, आर्या.

पुण्याच्या दोन आठवडे आधी नागपूर होतं. दुपारी साउंडचेक झाला, मी गाडीतून जॅकेट आणायला गेले आणि परत आले तेव्हा मेकअपच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत तू आणि विष्णू. तू म्हणत होतीस, "मी तिच्या हाताकडे बघून उचलते. तू फक्त माझ्याबरोबर ये, मागेपुढे होऊ नकोस." विष्णू म्हणाला, "पर उसको बोल तो दे एक बार." तू म्हणालीस, "नाही. ती स्वतः सांगेल तेव्हा सांगेल. तोवर स्टेजवर तिची फजिती होता कामा नये."

मी जॅकेट हातात घेऊन बाहेर उभी होते. मग गाडीपर्यंत परत गेले आणि पाच मिनिटांनी मोठ्याने बोलत आले, म्हणजे तुम्हाला वाटावं की आत्ताच आले.

त्या संध्याकाळच्या कार्यक्रमात मी तुझ्याकडेच बघत होते. अवघड जागा जवळ आली की तू माईक हातात घ्यायचीस, एक पाऊल माझ्या बाजूला यायचीस आणि गायला लागायचीस. लोक नाचत होते. कुणाला काही कळत नव्हतं. इतक्या सफाईने तू मला झाकत होतीस, आणि मला ते सहन होत नव्हतं. तू कापत असतीस तर मी भांडू शकले असते. सांभाळणाऱ्याशी कसं भांडायचं?

पुण्याला तू अवघड भागाच्याही आधी उचललंस, कारण माझं बोट त्या दिवशी पहिल्याच मिनिटात वळलं होतं. तुला ते दिसलं. मलाही दिसलं. म्हणून मी गेले.

आणि मुलाखत. ती तिरमिरीत दिली असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ती पुण्यानंतर नऊ दिवसांनी दिली होती. सकाळी अंघोळ करून, चहा घेऊन, शांतपणे. 'आर्याला माझे सोलो खुपतात. गायिकेलाच सगळा उजेड हवा असतो,' हे वाक्य मी आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवलं होतं. ते बोलले की मला कुणी हाताबद्दल विचारणार नव्हतं.

पुढे काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भोपाळच्या कार्यक्रमात तू गात असताना लोक माझ्या नावाने ओरडत राहिले. तुझ्या प्रत्येक व्हिडिओखाली घाण लिहिलं गेलं. सिनेमातलं ठरलेलं गाणं तुझ्याकडून गेलं. पुढच्या मार्चपर्यंत बँड संपला. विष्णू म्हणतो, त्यानंतर तू स्टेजवर उभी राहिली नाहीस, पुण्यात मुलांना गाणं शिकवतेस.

ते सगळं मी इथे बसून वाचत होते, एकेक कॉमेंट. तेव्हा वाईट वाटत होतं असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. बरं वाटत होतं. लोक माझ्या बाजूने होते, आणि मी अजून त्यांच्यासाठी चार मिनिटं वाजवू शकणारी बाई होते. वाईट वाटायला दोनेक वर्षं लागली, आणि वाटायला लागल्यावर मी तुझ्या मेसेजना उत्तर देणं बंद केलं.

बुधवारी तू सॉरी म्हणाली नसतीस तर मी कदाचित हेही लिहिलं नसतं. 'गैरसमज झाला' यावर आपलं मिटलं असतं. मार्चमध्ये मी समोर बसून टाळ्या वाजवल्या असत्या. पण तू माझ्या खोट्याची माफी मागून गेलीस, आणि मला चार दिवस धड जेवण गेलं नाही. आई विचारते, "काय करून राहिलीस तू? तबियत बरी आहे ना?" शुक्रवारी तिला सगळं सांगितलं. हाताचंही तिला माहीत नव्हतं. ती माझं ते बोट हातात धरून बराच वेळ बसली. मग म्हणाली, "हाताचं ठीक आहे, त्याला तू काय करणार. पण त्या मुलीचं नाव तू खराब केलंस, ते तुलाच नीट करावं लागेल." एवढंच. आत गेली आणि भाजी चिरायला बसली.

म्हणून त्याच पोर्टलला मी एक निवेदन पाठवलं. काल सकाळी त्यांनी छापलं. हे पत्र पोहोचेपर्यंत तू ते वाचलेलं असशील, तरी त्यातला मुख्य मजकूर इथे उतरवते:

'२०१९ च्या मुलाखतीत मी आर्याबद्दल जे बोलले ते खोटं होतं आणि ते बोलताना मला माहीत होतं की ते खोटं आहे. माझ्या डाव्या हाताला दोष आला होता. मी तो सगळ्यांपासून लपवला. आर्याला तो दिसला आणि तिने कित्येक महिने स्टेजवर मला सांभाळून घेतलं. ज्याला माझे सोलो कापणं म्हटलं गेलं ते हेच होतं. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून तिला दूषणं दिली त्यांनी ती मला द्यावीत.'

तुला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी ते ऐकलं असतं. छापून झाल्यावर तुला लिहायचं असं मी ठरवलं होतं, म्हणजे तू मला माफ करतेस की नाही यावर ते अडून राहणार नाही.

कालपासून फोन वाजतोय. उचललेला नाही. क्लासच्या संचालकांनी मात्र बोलावून विचारलं, काही परेशानी आहे का. मी म्हटलं, आहे, पण शिकवण्यात येणार नाही. वर्गातली मुलं आज फारच शांत होती.

विष्णूला मी स्वतः भेटून आले. नागपूरचं ऐकलं होतं हे सांगितलं. तो खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेला. "भिया, कुछ तो बोल," मी म्हटलं. तो म्हणाला, "तूने दरवाजे के बाहर से सुना, और अंदर नहीं आई." दारापर्यंत सोडायला आला, पण हसला नाही. त्याला वेळ लागेल.

आता कार्यक्रमाबद्दल. माझ्या जागी भोपाळची शिखा वाजवणार असं तू म्हणालीस. तिचे दोन व्हिडिओ पाहिले. चांगली आहे, घाई करत नाही. तिला काही विचारायचं असेल तर माझा नंबर दे, कुठलं बोट कुठे पडतं ते मी तोंडी सांगू शकते. पण 'हातोद रोड'चा शेवट तिच्याकडून माझ्यासारखा बसवून घेऊ नका. तिला तिचा वाजवू द्या, जितकी मिनिटं वाजवायचा तितकी. आणि तू उशिरा उचल. या वेळी तुला कुणाच्या हाताकडे बघायची गरज नाही.

१४ तारखेला मी यावं की नाही, ते तू सांगायचं आहे. ये म्हणालीस तर मागच्या रांगेत बसेन आणि संपल्यावर भेटायला आत येणार नाही, तू बोलावल्याशिवाय. नको म्हणालीस तर घरी थांबेन. का आली नाहीस असं कुणी विचारलं तर क्लासचं किंवा आईच्या डोळ्याचं कारण सांगणार नाही. आर्याने नको म्हटलं, आणि तिचं बरोबर आहे, असं सांगेन.

उत्तर दिलं नाहीस तर तेही उत्तर समजेन.

पत्राच्या शेवटी 'तुझी' लिहायला हात गेला होता. ते लिहायचं की नाही हे ठरवणं आता माझ्याकडे नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

शमिका